मिताहारी गृहस्थाचे सणाचे ताट

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातील सोळाव्या आणि सतराव्या श्लोकांत भगवंतांनी आहाराविषयी जो निर्णय दिला आहे, तो दोन्ही टोकांचा निषेध करणारा आहे. जो अतिशय खातो त्याला योग साधत नाही आणि जो मुळीच खात नाही त्यालाही तो साधत नाही. ज्याचा आहार व विहार, कर्मातील चेष्टा, निद्रा आणि जागरण ही सर्व युक्त म्हणजे प्रमाणबद्ध असतात, त्याचाच योग दुःखाचा नाश करणारा होतो. हा उपदेश केवळ अरण्यवासी तपस्व्यांसाठी आहे असे समजणे ही मोठी भूल होय. तो ज्याला सांगितला तो अर्जुन गृहस्थ होता, आणि ज्याच्या घरी रोज चूल पेटते, पाहुणा येतो व सणाचा नैवेद्य होतो, त्या गृहस्थालाच त्याची अधिक गरज आहे.

सांप्रत ही गरज विशेष तीव्र झाली आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २४ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे २३ टक्के व्यक्ती प्रमाणाहून अधिक वजनाच्या आढळल्या. भारतीयांच्या शरीरात मेद विशेषतः पोटाभोवती साठतो. म्हणून पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरांवर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरांवर गेला की वैद्य सावध करतात. अशा गृहस्थाला आहार आवरण्याचा सल्ला मिळतो. तो निष्ठेने आरंभ करतो. भात मोजून घेतो, साखर सोडतो, सायंकाळी चालावयास जातो. पण महिना उलटत नाही तोच घरात गणपती येतात. कोठे ओणमची सद्या मांडली जाते, कोठे पौष संक्रांतीचे पिठे होते, कोठे दिवाळीचा अन्नकूट असतो, तर कोठे पुतणीचे लग्न निघते. तेव्हा त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो : एखाद्या दिवशी पोटभर गोडाधोडाचे जेवण केले, तर वजन उतरविण्याच्या व्रताला त्याचे साहाय्य होते की विघ्न?

या प्रश्नावर दोन पक्ष ऐकू येतात. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला पक्ष म्हणतो : असे जेवण साहाय्यकच आहे. शरीर दीर्घकाळ अल्पाहारावर राहिले की ते आपला खर्च कमी करते. मधून एक दिवस भरपूर खाल्ले की मंदावलेला अग्नी पुन्हा प्रज्वलित होतो, मनाचा ताण सैल पडतो आणि पुढील आठवडा सुकर जातो. व्यायामशाळांतून अशा जेवणाला ‘चीट मील’ म्हणजे लबाडीचे जेवण असे नाव पडले आहे, आणि ते आठवड्यातून एकदा घ्यावे असा प्रघातही पडत चालला आहे.

या पक्षात सत्याचा अंश नाही असे नाही. मेदपेशींतून निघणारे लेप्टिन नावाचे द्रव्य १९९४ साली उजेडात आले. शरीरातील साठा किती आहे याची वार्ता ते मेंदूला पोचविते. आहार घटला की ते घटते आणि भूक वाढते. काही दिवस अधिक खाल्ले की ते पुन्हा वाढते. परंतु ही वाढ क्षणिक असते, आणि एका जेवणाने शरीराचा खर्च एवढा वाढत नाही की त्या जेवणाची भरपाई व्हावी. अन्न पचविण्यातच अन्नाच्या सुमारे दशांश शक्ती खर्च होते. उरलेले नऊ अंश हिशेबात जमाच होतात. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात स्थूल पुरुषांच्या एका गटाने सलग १६ आठवडे अल्पाहार केला, तर दुसऱ्या गटाने दोन आठवडे अल्पाहार आणि दोन आठवडे विश्रांती असा क्रम ठेवून तितकेच अल्पाहाराचे आठवडे पूर्ण केले. विश्रांती घेणाऱ्यांचे वजन अधिक उतरले. पुढील सर्व प्रयोगांत तसेच फळ दिसले नाही, हेही सांगितले पाहिजे. पण मुख्य गोष्ट निराळीच आहे. त्या विश्रांतीच्या पंधरवड्यात कोणी मेजवान्या झोडल्या नव्हत्या. वजन वाढू नये व घटूही नये एवढेच अन्न त्यांना मोजून दिले जात होते. म्हणजे ज्याने लाभ झाला असे मानता येईल, तो स्वैराहार नव्हे, समाहार होता.

आता हिशेब पाहू, कारण शरीर हे चोख हिशेबनीस आहे. एक किलो मेद म्हणजे सुमारे ७७०० उष्मांक असे मानतात. समजा एखादा गृहस्थ गरजेपेक्षा रोज ४०० उष्मांक कमी खातो. सहा दिवसांत त्याची २४०० उष्मांकांची बचत होते. सातव्या दिवशी पुरणपोळ्या, तूप, वडे, श्रीखंड आणि रात्री उरलेले फरसाण असे मिळून त्याने गरजेहून २००० अधिक खाल्ले, तर सबंध आठवड्याची शिल्लक केवळ ४०० राहिली. म्हणजे सुमारे ५० ग्रॅम मेद. सहा दिवसांचा संयम एका दिवसात जवळजवळ धुऊन गेला. हेच जेवण महिन्यातून एकदा झाले, तर २९ दिवसांच्या ११,६०० बचतीतून २००० वजा होऊन ९६०० उरतात. रोजचा नियम न मोडता महिना काढला असता तर १२,००० झाले असते. म्हणजे पाच भागांपैकी चार भाग सुरक्षित राहिले. आणि त्याच गृहस्थाने सणाच्या दिवशी एकच पोळी कमी घेऊन, रात्री हलके खाऊन अधिक उष्मांक ६०० वर आणले, तर आठवड्यातून एकदा जेवूनही बहुतांश बचत टिकते. म्हणून ‘कधीमधी’ या शब्दाचा अर्थ आधी ठरविला पाहिजे. वर्षातील मोजके सण हे कधीमधी होत. प्रत्येक रविवार कधीमधी नव्हे.

आता दुसरा पक्ष ऐकावा. तो म्हणतो : मग मिष्टान्न सर्वथा वर्ज्यच करावे, ताटाकडे पाहूच नये. हा पक्ष वरवर पाहता अधिक धार्मिक वाटतो. परंतु गीता त्याचीही कठोर परीक्षा करते. दुसऱ्या अध्यायाच्या एकोणसाठाव्या श्लोकात भगवंत सांगतात की, निराहारी माणसापासून विषय दूर होतात, पण त्यांच्याविषयीचा रस दूर होत नाही. येथे ‘रस’ या पदाचा अर्थ श्रीमदाद्य शंकराचार्यांनी राग, म्हणजे आसक्ती, असा केला आहे. ताट दूर सारले तरी ताटाची ओढ हृदयात बसूनच असते. तिसऱ्या अध्यायाच्या सहाव्या श्लोकात तर इंद्रिये आवरून मनाने विषय आठवीत बसणाऱ्याला मिथ्याचारी म्हटले आहे.

या वचनांची साक्ष एका प्रयोगानेही दिली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. युद्धग्रस्त प्रदेशांतील उपाशी जनतेला पुन्हा कसे पोसावे, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. त्या तरुणांचे वजन सुमारे एकचतुर्थांश घटले. पण त्याहून मननीय असे काही घडले. त्यांच्या मनात अन्नावाचून दुसरा विचार राहिना. काहीजण पाकशास्त्राची पुस्तके जमवून वाचीत बसत. पुढे निर्बंध उठल्यावर कित्येकजण अफाट खात, आणि पोट भरले तरी तृप्ती होत नसे. देहाने निराहार आणि मनाने अखंड आहार, अशी ती अवस्था होती. गीतेने जे सूत्ररूपाने सांगितले, त्याचे हे विस्तृत भाष्यच म्हणावे लागेल.

आपल्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण याच अनुभवातून निघाली आहे. ७५ ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचे कूट आणि एक मोठा चमचा तूप घेतले तर एका बशीत पाचशेहून अधिक उष्मांक भरतात. त्यावर बटाट्याची भाजी, केळे आणि गोड दही आले की उपवास कोठे राहिला? आणि दुसऱ्या दिवशी पारणे म्हणून मिष्टान्नाचे ताट. उपवासाचा अर्थ भगवंताच्या समीप वास. त्या दिवशी मन पारण्याच्या समीप राहिले, तर व्रत कोणाचे झाले?

मग सिद्धान्त कोणता? सिद्धान्त असा : जेवण साहाय्यक की विघातक हे केवळ अन्नावरून ठरत नाही, ते जेवण कोणत्या भावनेतून आले आणि किती प्रमाणात आले, यावरून ठरते. संयमाची मजुरी म्हणून जे जेवण वसूल केले जाते ते विघ्न होय. कालक्रमाने आलेला सण म्हणून, देवाला अर्पून, वाटून, मर्यादेत जे घेतले जाते ते विघ्न नव्हे. ते व्रताला आधारही देऊ शकते.

या दोहोंतील भेद सूक्ष्म आहे, तरी तो प्रत्येकाला स्वतःच्या मनात पाहता येतो. ‘सहा दिवस सोसले, आता सातवा दिवस माझा’ असे जो म्हणतो, त्याने मिताहाराला शिक्षा आणि अतिआहाराला बक्षीस ठरविले. रोज तो आतल्या आत स्वतःला सांगत असतो की, खरे सुख त्या ताटात आहे. मग मिताहारावर त्याचे प्रेम कसे जडावे? अठराव्या अध्यायात भगवंतांनी दोन सुखे वेगळी करून दाखविली आहेत. एक आरंभी विषासारखे वाटते व परिणामी अमृत होते. दुसरे विषय आणि इंद्रिये यांच्या संयोगाने आरंभी अमृत वाटते व परिणामी विष होते. मिताहार हे पहिल्या प्रकारचे सुख आहे. काही आठवड्यांनी हलके शरीर, स्वच्छ झोप, जिना चढताना न लागणारी धाप हे त्याचे अमृत लाभू लागते. ज्याने दर आठवड्याला विषय-सुखाची वसुली चालविली, त्याची जीभ या अमृताला सरावतच नाही. आणि ‘लबाडीचे जेवण’ या नावातच त्याची निंदा आहे. लबाडी कोणाशी? वैद्य दूर आहे, शेजारी दूर आहे. उरला तो स्वतःच.

उलट जो गृहस्थ सणाच्या दिवशी शांतपणे एक मोदक घेतो, तो काही चोरीत नाही आणि काही वसूल करीत नाही. दुसऱ्या अध्यायाच्या चौसष्टाव्या श्लोकात सांगितले आहे की, रागद्वेषरहित व स्वाधीन इंद्रियांनी विषयांत वावरणारा पुरुष प्रसादाला प्राप्त होतो. तेथे प्रसाद म्हणजे चित्ताची निर्मळता. देवाच्या ताटातील अन्नालाही प्रसादच म्हणतात, हा योग चिंतनीय आहे. ज्या घासाने चित्त निर्मळ राहिले तो खरा प्रसाद. ज्या घासापाठोपाठ हाव किंवा पश्चात्ताप आला, तो नैवेद्याच्या पात्रातून घेतलेला असला तरी त्याचे फळ तसे झाले नाही. सतराव्या अध्यायात सात्त्विक आहाराच्या लक्षणांत रसाळ आणि स्निग्ध ही पदे स्पष्ट आली आहेत. म्हणून तूप व गोड हे स्वरूपतः पाप नव्हे. पाप असेल तर ते अमर्यादेत आहे.

येथे काही शंका उपस्थित होतात. त्यांचे समाधान करणे अवश्य आहे.

शंका : प्रसाद नाकारणे हा अपराध नव्हे काय? समाधान : प्रसाद नाकारू नये, पण प्रसादाचे माहात्म्य त्याच्या वजनात नाही. कणभर प्रसाद मस्तकी लावून मुखात घातला तरी तो पूर्ण प्रसाद आहे. वाटीभर शिरा प्रसाद म्हणून आणि आणखी वाटीभर आग्रह म्हणून, हा हिशेब भक्तीचा नसून जिभेचा आहे.

शंका : पंगतीतील आग्रह कसा मोडावा? महाराष्ट्रात आग्रह आहे, राजस्थानात मनुहार आहे, आणि प्रत्येक प्रांतात वाढणाऱ्या मातेचे डोळे आहेत. ताट मागे सारले की ती विचारते, ‘आवडले नाही का रे?’ समाधान : येथे कठोरपणा हा संयम नव्हे. जिने पहाटेपासून चुलीपाशी उभे राहून रांधले, तिला ‘हे मला चालत नाही’ असे तुटकपणे सांगणे ही वाणीची हिंसा होय. थोडे घ्यावे, रुचीने खावे, नाव घेऊन वाखाणावे, आणि दुसऱ्यांदा वाढण्यापूर्वी हात जोडून ‘आई, तृप्त झालो’ म्हणावे. आणि वाढणाऱ्यांनीही जाणावे की, ज्याच्या रक्तात साखर वाढली आहे त्याच्या पानात शपथ घालून जिलबी टाकणे हे प्रेमाचे नव्हे, मोहाचे लक्षण आहे.

शंका : अधिक खाल्ले गेले तर दुसऱ्या दिवशी कडक उपवास करून प्रायश्चित्त घ्यावे काय? समाधान : नाही. सतराव्या अध्यायाच्या पाचव्या व सहाव्या श्लोकांत, शास्त्राने न सांगितलेली घोर तपे करून शरीराला आणि शरीरात वसणाऱ्या भगवंताला कृश करणाऱ्यांची निंदा आहे. दुसऱ्या दिवशी काट्यावर एक-दीड किलो अधिक दिसले तरी घाबरू नये. गोड व खारट अन्नाबरोबर शरीरात पाणी साठते. ते बहुतांशी त्याचे वजन असते. एका रात्रीत एक किलो मेद वाढण्यासाठी गरजेहून ७७०० उष्मांक अधिक खावे लागतील. सणानंतर भूक लागेल तेव्हा मुगाचे वरण, ताक, भाजी असे साधे अन्न घेऊन नेहमीच्या क्रमावर यावे. अतिभोजन, मग उपासमार, मग पुन्हा अतिभोजन हे चक्रच खरा शत्रू आहे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी, गर्भवतींनी व वृद्धांनी तर वैद्याला विचारल्याशिवाय उपवास करूच नये.

शंका : एक घास गोड घेतला की ज्याला थांबताच येत नाही, त्याने काय करावे? समाधान : येथे अधिकारभेद मानला पाहिजे. जो नियम एकाला आधार आहे तोच दुसऱ्याला खड्डा होतो. तिसऱ्या अध्यायात रागद्वेषांना मार्गावरील लुटारू म्हटले आहे. ज्याला आपला लुटारू कोणत्या वळणावर बसतो हे ठाऊक आहे, त्याने काही काळ त्या वळणाने जाऊ नये. यात कमीपणा नाही. आणि जो लपून, भूक नसता, दुःखाने व्याकूळ होऊन खातो, त्याने लाज सोडून वैद्याला सांगावे. तो दोष नव्हे, व्याधी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसाच्या आठ पीडा मोजताना अतिक्षुधा ही त्यांतच गणली आहे. म्हणजे त्याची भूक हे त्याच्या रोगाचेच अंग आहे, हे प्राचीन वैद्यांनी ओळखले होते. अशा माणसाची पंगतीत थट्टा करणारा स्वतःच पापाचा भागी होतो.

आता आचरणाचे नियम संक्षेपाने सांगितले पाहिजेत.

पहिला नियम असा की, वर्षाचे सण आरंभीच ठरवावे. कुलाचाराचे व आप्तांच्या मंगलकार्याचे दिवस मोजून घ्यावे. त्यांत मनाने उत्पन्न केलेले सण मिळवू नयेत.

दुसरा, सण म्हणजे एक भोजन. सबंध दिवस नव्हे, आणि आठवडा तर नव्हेच. दिवाळीचा फराळ डब्यातून पंधरा दिवस चालतो, तेथेच पुष्कळांचे व्रत बुडते.

तिसरा, एकट्याने खाऊ नये. जे केवळ स्वतःसाठी शिजवितात ते पाप भक्षण करतात, असे भगवंतांनी तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे. मिष्टान्न करावे ते वाटण्यासाठी. शेजारी, गडीमाणसे, अनाथालय यांना भाग आधी काढावा, म्हणजे मागे उरत नाही. गृहिणीने उरलेले अन्न टाकावयाचे नाही म्हणून स्वतः संपवू नये. पोट हे शिळ्यापाक्याचे भांडे नव्हे.

चौथा, भोजनाला आदि आणि अंत असावा. आपल्या पूर्वजांनी आरंभी आपोशन आणि अखेरीस उत्तरापोशन ठेविले. उत्तरापोशन घेतले की त्या भोजनात पुन्हा घास नाही. हा विधी ज्यांच्या घरून गेला असेल त्यांनी निदान हात धुऊन ‘झाले’ असे म्हणण्याची सवय ठेवावी.

पाचवा, पोटात जागा राखावी. गीतेच्या सहाव्या अध्यायावरील भाष्यात श्रीशंकराचार्यांनी परंपरागत प्रमाण सांगितले आहे : अर्धा भाग अन्न, तिसरा भाग पाणी, आणि चौथा भाग वायूच्या संचारासाठी मोकळा. सणालाही हा चौथा भाग भगवंताचा समजून रिकामा ठेवावा.

सहावा, बदल हळूहळू करावा. चरकसंहितेत अहितकर सवय एकदम न तोडता चतुर्थांशाने सोडावी असे सांगितले आहे. रोज चहात चार चमचे साखर घेणाऱ्याने प्रथम तीन करावेत. ज्याचा रोजचा क्रम सुसह्य आहे, त्याला सणाच्या दिवशी सूड उगवावा असे वाटत नाही.

या सर्वांचे सार एकच आहे. वर्षाचे ३६५ दिवस; त्यांतील पंधरा-वीस दिवस सणांचे धरले तरी सुमारे साडेतीनशे दिवस साध्या ताटाचे उरतात. देह त्या साडेतीनशे दिवसांनी घडतो, सणांच्या दिवसांनी नव्हे. म्हणून ज्याचा साधा दिवस सुधारला, त्याला सणाचे भय नाही. आणि ज्याचा साधा दिवस सुटला, त्याला सण टाळून लाभ नाही. गृहस्थाने रोजचे ताट भगवंताला दाखवून मगच त्याला हात लावावा. जे त्याला दाखविताना संकोच वाटेल ते वाढून घेऊ नये, आणि जे दाखविताना आनंद वाटेल ते खाताना भिऊ नये. अशा रीतीने आहार युक्त झाला की देह हलका होईल, आणि देहाबरोबर चित्तही हलके होईल. भगवंतांनी ज्याला दुःखनाशक योग म्हटले, त्याचा आरंभ गृहस्थाच्या पानावरच होतो.